ब्रेक इंजिनाला, डब्यांना नाही : आपल्या डबल ट्रॉलीची गोष्ट

परवा रात्री मोटारसायकलवर न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येत होतो. पारगावच्या अलीकडे भीमेच्या अंगानं धुकं उतरायला लागलं होतं. समोर रस्ता मोकळा होता, निदान मला तसा वाटत होता. एकदम ताज्या तोडलेल्या उसाचा वास आला आणि दुसऱ्या क्षणाला उसाची टोकं हेडलाइटमध्ये आली. ब्रेक दाबला, गाडी आडवीतिडवी होत साइडपट्टीवर उतरली आणि थांबली. डांबरावर डबल ट्रॉली उभी होती. मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागं दहा-बारा फुटांवर चार दगड मांडलेले, तेही धुक्यात दिसत नव्हते.

शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं. पण जॅक घेऊन मागं आलेलं पोरगं विशीतलं निघालं आणि त्यानंच आधी विचारलं, "लागलं का हो काका?"

म्हणजे ट्रॉली मला दिसायच्या आधी तिचा वास आला. गाळप हंगामात शिरूर-दौंड पट्ट्यात दुचाकीवर फिरणाऱ्या कुणालाही ही गोष्ट नवीन नाही. दरवर्षी नोव्हेंबर आला की आपण हे बोलतो, कुणीतरी गेलं की दोन दिवस जास्त बोलतो, आणि गव्हाणी बंद झाल्या की विसरतो. म्हणून म्हटलं, यावेळी जरा मागं जाऊन लिहावं. एका ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या आल्या कशा आणि त्यांत नेमकं काय राहून गेलं?

सुरुवात बैलगाडीपासून करू.

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्या काळात ऊस यायचा बैलगाडीनं. त्याआधीच्या काही खासगी साखर कंपन्यांचे स्वतःचे हजारो एकरांचे मळे होते, तिथं छोटे रूळ टाकून उसाचे डबे ओढता यायचे. सहकारात ते शक्य नव्हतं. इथं ऊस कुणाचा? दोन एकरवाल्याचा, पाच एकरवाल्याचा, आणि तो पन्नास गावांत विखुरलेला. तिथपर्यंत रूळ कोण टाकणार? गाडीवाटेनं बैलगाडीच जाणार.

आपल्याकडं पाणी टप्प्याटप्प्यानं आलं. दौंडच्या बाजूला खडकवासल्याच्या कालव्यानं यवत, केडगाव, वरवंड, पाटस हा पट्टा भिजवला. शिरूरला साठच्या दशकात चिंचणीचं घोड धरण आलं, पुढं चासकमान आणि डिंभ्याचं पाणी फिरलं. पाणी आलं तिथं ऊस आला. आधी गुऱ्हाळं, मग कारखाने. आज पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा, आलेगावला दौंड शुगर, पाटेठाणला श्रीनाथ म्हस्कोबा, जातेगावला व्यंकटेशकृपा, रावडेवाडीला पराग. दोन तालुक्यांत एवढी धुराडी आहेत. काही मधे बंद पडली, काही हस्तांतरित झाली, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी आधी भरपूर शिव्या खाल्ल्यात.

तर बैलगाडी. लाकडी चाकाची, लोखंडी धावेची, टनभर ऊस न्यायची. मग रबरी टायरची गाडी आली. रस्ताही खराब होईना आणि त्याच बैलांना दुप्पट ओढता यायला लागलं. ऊसतोडीच्या भाषेत अजूनही 'गाडी सेंटर', 'टायर सेंटर' हे शब्द आहेत ते तेव्हापासूनचे. बीडहून, पाथर्डीहून येणारी जोडपी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन बैलांसकट यायची. रात्री रस्त्यानं गाड्यांची रांग लागायची. प्रत्येक गाडीच्या बुडाला कंदील टांगलेला, गाडीवान उसावर झोपलेला, आणि बैल पुढच्या गाडीच्या मागं बरोबर चाललेले. लहानपणी पाटसच्या रस्त्याला ही रांग मी पाहिलेली आहे. लांबून ते कंदील हलताना दिसायचे.

या गाडीचा ब्रेक म्हणजे बैल. समोर काही आलं तर तो आपसूक थांबायचा. उतार आला तर गाडीवान खाली उतरून चाकाला लाकूड घासवायचा. आणि वेग किती? माणूस चालतो तेवढा. पाटसहून बारामतीकडं जाताना रोटी घाट लागतो. तुकोबांची पालखी तिथून जाते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावतात, हे आपल्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. चढ आला की ताकद वाढवायची आणि उतार आला की माणसानं खाली उतरायचं, ही अक्कल आपल्या रस्त्यांवर फार जुनी आहे.

मग ट्रॅक्टर आला. भारतात ट्रॅक्टर बनायला लागले ते १९५९ नंतर. आपल्याकडं खऱ्या अर्थानं पसरले सत्तर-ऐंशीच्या दशकांत. पहिले ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपासचे, मागं एक ट्रॉली. मजूर बैल पाळण्यापेक्षा ट्रॅक्टरच्या टोळीत यायला लागले. पुढं पन्नास हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर आले, बँकेचं कर्ज सोपं झालं, आणि कुणीतरी पहिल्या ट्रॉलीच्या शेपटीला हूक वेल्डिंग करून दुसरी ट्रॉली जोडली. तो पहिला माणूस कोण, याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. पण त्यानं का केलं ते सांगता येतं. वाहतुकीचे पैसे टनावर आणि किलोमीटरवर मिळतात. ड्रायव्हर एकच, रात्र एकच, आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लावून वीस-वीस तास उभं राहायचं तेही तेवढंच. एका खेपेत दुप्पट माल गेला तर हप्ता सुटतो.

झोनबंदी उठल्यावर आणखी एक झालं. ऊस जवळच्याच कारखान्याला जाईल असं राहिलं नाही. त्यात भीमा-पाटस काही हंगाम बंद, नंतर घोडगंगा बंद. त्या भागातला ऊस लांबच्या कारखान्याला निघाला. जी ट्रॉली आठ-दहा किलोमीटर शेतरस्त्यानं जायची ती चाळीस-पन्नास किलोमीटर हायवेनं जायला लागली. हा बदल माझ्या मते सगळ्यात मोठा आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. गाडी तीच, हूक तोच, रस्ता मात्र बदलला. शेतरस्त्याला वीसच्या वेगात चालणारी डबल ट्रॉली धोकादायक असते. सोलापूर रोडला, जिथं बाकीची वाहनं ऐंशीनं पळतात, तिथं ती उभ्या भिंतीसारखी असते. हिशोब करा. ऐंशी आणि वीस यांत साठचा फरक, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. डिपर मारलेल्या लाइटमध्ये पन्नास मीटरवरचं दिसलं तरी हातात तीन सेकंद. त्यातला एक सेकंद 'हे काय आहे' कळण्यातच जातो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्यासाठी रेल्वेच्या रुळावर जावं लागेल, आणि दौंडकरांना ते सांगायची गरज नाही.

रेल्वे दौंडला पोचली १८५८-५९ च्या सुमारास. पुढं १८७८ ला मनमाडची लाइन झाली आणि दौंड जंक्शन झालं. आमच्या दौंडमध्ये प्रत्येक तिसऱ्या घरात कुणीतरी गार्ड, ड्रायव्हर, फिटर होऊन गेलेला. त्या घरांतल्या पोरांना एक गोष्ट न शिकवता माहीत असते : गाडी ओढणं सोपं असतं, थांबवणं अवघड. सुरुवातीच्या काळात सगळीकडंच ब्रेक इंजिनाला आणि शेवटच्या गार्डच्या डब्याला असायचा. मधले डबे नुसते लोंबकळत यायचे. ड्रायव्हरनं शिट्टी दिली की गार्डनं हातानं ब्रेक आवळायचा. घाटात पळालेली गाडी थांबवायला खंडाळ्याच्या बाजूला चढावर जाणारे वेगळे रूळ टाकलेत, कॅच सायडिंग म्हणतात ते. म्हणजे रेल्वेनं मान्य केलं होतं की ब्रेक फेल होणार.

१८८९ साली आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ एक सहलीची गाडी चढावर अडकली. इंजिनाला सगळे डबे ओढवेनात. म्हणून मागचे डबे सोडवले, पुढचे आधी वर नेऊन ठेवू म्हणाले. त्या डब्यांना ब्रेक होते, पण ते इंजिनाला जोडलेले असेपर्यंतच चालणारे. सुटलेले डबे उतारावरून उलटे पळाले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसं गेली, त्यांत बरीच लहान मुलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या पार्लमेंटनं कायदा केला : प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला ब्रेक हवा, आणि तो असा हवा की जोड तुटली तर आपोआप लागला पाहिजे. दौंडच्या यार्डात आपले आजोबा-पणजोबा ज्याला 'व्हॅक्यूम' म्हणायचे ते हेच. पाइप तुटला की व्हॅक्यूम जातो आणि व्हॅक्यूम गेला की ब्रेक बसतो. एका ओळीत सांगायचं तर, तुटलं की थांबतं.

आता त्याच दौंडच्या रेल्वे पुलाशेजारच्या रस्त्यावर उभे राहा आणि उसाचा ट्रॅक्टर बघा. इंजिन पुढं, डबे मागं, पण ब्रेक फक्त इंजिनाला. आणि तुटलं की थांबत नाही, तुटलं की सुटतं. पिन झिजली, हुकाचं वेल्डिंग उकललं तर मागची ट्रॉली स्वतःच्या मर्जीनं कुठंही जाते. जोडीला एक साखळी बांधलेली असती तर निदान फरफटत तरी आली असती. ती साखळी किती ट्रॉल्यांना दिसते, तुम्हीच बघा आणि मोजा.

ट्रॅक्टरच्या ब्रेकबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दुचाकीवाल्यांना ते माहीत नसतं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांना असतो. आणि पेडल एक नसतं, दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेतात सरीच्या टोकाला एक चाक दाबून जागच्या जागी वळता यावं म्हणून ही सोय. रस्त्यावर आल्यावर ही दोन पेडल मधल्या कडीनं जोडायची असतात. ती कडी लावायची राहिली आणि घाईत एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो आणि मागचं सगळं वजन त्याला तसंच पुढं ढकलत राहतं.

वजन किती? ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. मागं दोन ट्रॉल्यांत मिळून वीस-पंचवीस टन ऊस, ट्रॉल्यांचं लोखंड वेगळं. म्हणजे अडीच टनांच्या यंत्राचे ब्रेक स्वतःच्या दहापट वजन थांबवायला लावलेले. सपाटीला हळू चालताना ते निभतं. उतारावर ट्रॉल्या ट्रॅक्टरला ओढू देत नाहीत, ढकलतात. ब्रेक दाबला की ट्रॅक्टर मधे आणि ट्रॉली बाजूला अशी घडी पडते. चढावर उलटं. पुढची चाकं हलकी होतात, कधी उचलतात, आणि चाकं उचलली की स्टेअरिंगला काही अर्थ राहत नाही. म्हणून पुढं वजनं लावतात. काही ठिकाणी पुढं माणसं बसवतात. तेही पाहिलंय.

दोन ट्रॉल्यांचा त्रास एका ट्रॉलीच्या दुप्पट नसतो, त्याहून जास्त असतो. खड्डा चुकवायला ड्रायव्हरनं स्टेअरिंग थोडंसं फिरवलं, की पहिली ट्रॉली त्याहून जास्त हलते आणि दुसरी सगळ्यात जास्त. सापाचं तोंड जरा हललं की शेपूट सपकन फिरतं, तसं. पारगावच्या पुलावर समोरून येणाऱ्या दुचाकीला ट्रॅक्टर व्यवस्थित पास होतो, पहिली ट्रॉलीही होते, आणि दुसरी अंगावर येते. वळणावर तिसरा प्रकार. मागची ट्रॉली पुढच्याच्या चाकोरीतून जात नाही, आतून कापते. चौफुल्याला वळणाच्या आतल्या बाजूला स्कूटर घालून उभं राहणाऱ्यांनो, तुमची जागा तिच्या वाटेत आहे.

बाहेर काय करतात? अमेरिकेत पिकअपच्या मागं राहायची गाडी आणि तिच्या मागं बोट, अशी दोन-दोन वाहनं ओढायची हौस आहे. काही राज्यांत ते चालतं, काहींत बंदी आहे. पण जिथं चालतं तिथंही ठराविक वजनाच्या पुढं ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आणि जोडीला साखळ्या लागतात. तिथल्या लोकांची ती सुट्टीची मजा. आपल्याकडं हा पोटाचा धंदा, म्हणून आपल्याला कमी नियम पुरतात, असं बहुधा समजलं जातं.

नियम आपल्याकडंही आहेत, बरं का. देशातल्या बऱ्याच राज्यांच्या मोटार वाहन नियमांत ट्रेलरवरच्या माणसांबद्दल एक जुनं कलम आहे. ट्रेलरचा ब्रेक ड्रायव्हरला पुढून लावता येत नसेल तर ट्रेलरवर ब्रेक लावायला एक माणूस हवा. आणि शेवटच्या ट्रेलरच्या मागच्या बाजूला एक माणूस असा हवा, ज्याला मागचा रस्ता दिसेल, जो मागच्या वाहनांना इशारा करेल आणि ड्रायव्हरला कळवेल. वाचून मला हसूच आलं. हा तर आपला गार्ड! कायदा लिहिणाऱ्यानं रेल्वे पाहिलेली होती. आज शेवटच्या ट्रॉलीवर माणसं असतात, नाही असं नाही. पण ती गार्ड नसतात. फडातून कोपीकडं परतणारी तोडणीवाली बाई असते, तिच्या मांडीवर लेकरू असतं, आणि दोघं बारा फूट उंच उसावर दोराला धरून बसलेली असतात. ट्रॉली पलटी झाली की उसाखाली जाणारी पहिली तीच.

केंद्राच्या नियमांत शेतीचा ट्रॅक्टर 'वाहतूक वाहन' धरलेला नाही. शेतकऱ्याला स्वतःचा माल नेताना कटकट नको, हा हेतू चांगलाच आहे आणि तो राहिला पाहिजे. पण भाड्यानं पाच महिने रात्रंदिवस हायवेवर ऊस ओढणारा ट्रॅक्टरही त्याच सवलतीच्या सावलीत चालतो. ट्रॉल्या बनतात गावच्या वर्कशॉपमध्ये. आमच्याकडचे वेल्डर हुशार आहेत, त्यांची ट्रॉली पंधरा वर्षं मोडत नाही. पण त्यांना ब्रेक बसवा असं कुणी सांगत नाही, कारण ब्रेकचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न आहे. ट्रॉली मालक म्हणतो, कारखान्यानं. कारखाना म्हणतो, वाहतूकदार कंत्राटी आहे. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर वाटपाचा कार्यक्रम होतो, फोटो निघतो, मीही छापलेत. रिफ्लेक्टर चांगलीच गोष्ट आहे, फक्त पंधरा दिवसांत त्यावर चिखल बसतो नाहीतर लोंबणारा ऊस त्याला झाकतो.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. रस्त्यावर आरटीओ किंवा पोलिसाला ट्रॉली थांबवून वजन करायचं म्हणजे काटा शोधण्यापासून तयारी. पण ही ट्रॉली प्रत्येक खेपेला स्वतःहून काट्यावर जाते. भरलेली एकदा, रिकामी एकदा. कारखान्याच्या संगणकात गाडी नंबर, तारीख, वेळ आणि वजन किलोपर्यंत नोंदलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड लिहिलेला आहे. त्या गुन्ह्याचा पुरावा आपण रोज हजारो चिठ्ठ्यांवर छापतो, शिक्का मारतो आणि त्यावर शेतकऱ्याचं बिल काढतो. मी दंड मारा म्हणत नाही. दंड मारला तर तो शेवटी त्या विशीतल्या पोराच्या पगारातून जाईल, हे मलाही कळतं. पण जी ट्रॉली दिवसातून दोनदा काट्यावर दोन मिनिटं उभी राहते, तिचा मागचा दिवा लागतो का, पिनेला खिट्टी आहे का, साखळी आहे का, पेडलची कडी बसलीय का, हे बघायला तिथंच एक माणूस ठेवता येत नाही? उसातली माती-पाचट बघायला माणूस असतो. वजावट काढायची असते ना.

त्या रात्री पोरगं टायर बदलेपर्यंत तासभर मी मागं थांबलो. माझी गाडी तिरकी लावून इंडिकेटर चालू ठेवला आणि मोबाइलचा टॉर्च हलवत उभा राहिलो. एक एसटी, दोन पिकअप आणि बऱ्याच दुचाक्या गेल्या. एक दुचाकी अगदी जवळ येऊन थांबली, नवरा-बायको आणि मधे पोर. मधल्या वेळात पोराशी बोललो. दोन रात्री झोप नाही म्हणाला. आदल्या खेपेची चिठ्ठी खिशात होती, ती दाखवली. निव्वळ वजन चोवीस टनांच्या वर. मागच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. ट्रॉलीला कसा ब्रेक, म्हणाला.

टायर बसलं, त्यानं ट्रॅक्टर चालू केला, टेपवर गाणं लागलं. दोन्ही ट्रॉल्या डुलत पारगावच्या पुलाकडं गेल्या. शंभर पावलांवर ट्रॅक्टरच्या पुढच्या लाइटचा उजेड दिसत होता. मागून मात्र काहीच दिसत नव्हतं, नुसतं गाणं ऐकू येत होतं.